तारांवर लिहिलेले नाव

ज्यांचे बालपण रेडिओच्या काळात गेले, त्यांना ही धून वेगळी सांगायला नको. पहाटे घरातले कोणीतरी रेडिओचे बटण फिरवी. आधी नुसती खरखर, मग मागे तंबोऱ्याची आस आणि तिच्यावर व्हायोलिनची संथ, थोडी उदास सुरावट. आकाशवाणीचे केंद्र सुरू होत असल्याची ती खूण. त्यानंतर ‘वंदे मातरम्’ आणि दिवसाचा पहिला कार्यक्रम. मुंबईतली चाळ असो की सोलापूर जिल्ह्यातले नातेपुते, बंबात पाणी तापत असताना आणि गोठ्यात धार काढली जात असताना ही धून कानावर पडत आली आहे.

आता एक प्रश्न शिक्षकांच्या खोलीत विचारून पाहा. ही धून कोणी रचली आणि वाजवली कोणी? बहुतेक जण गप्प राहतील. एखादा मोठा सतारिया किंवा संगीत दिग्दर्शक यांचे नाव कोणी अंदाजाने घेईल. महाराष्ट्रात तंतुवाद्यांच्या छोट्या वृंदाचे याहून अधिक वेळा ऐकले गेलेले ध्वनिमुद्रण क्वचितच असेल. आणि तरी वादकांची नावे ऐकणाऱ्यांना ठाऊक नाहीत. ध्वनिमुद्रणात आवाज आहे, पण नाव नाही.

इतिहास शिकवताना आपण ताम्रपट, शिलालेख, बखरी, पत्रे यांना साधने म्हणतो. ध्वनिमुद्रण हेही तसेच साधन आहे. मग ते वाचायचे, म्हणजे ऐकायचे, कसे? ते काय सांगते आणि काय सांगत नाही? हे पाहण्यासाठी आकाशवाणीच्या धुनेपासून निघून थोडे दूर, रशियापर्यंत जाऊन येऊ. तिथल्या एका संगीतकाराने आपले नाव पुसले जाऊ नये म्हणून ते थेट सुरांमध्येच लिहून ठेवले, आणि चार तंतुवादकांनी ते ध्वनिमुद्रित केले.

मुंबईतील गुरुवार

आकाशवाणीच्या धुनेचे श्रेय सामान्यतः वॉल्टर काउफमान यांना दिले जाते. त्यांचा जन्म १९०७ साली कार्ल्सबाड या आजच्या चेक प्रजासत्ताकातील गावी झाला. ते ज्यू होते. १९३३ च्या जानेवारीत हिटलर जर्मनीत सत्तेवर आला, आणि १९३४ साली काउफमान मुंबईस येऊन पोचले. त्याच वर्षी त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी सुरू केली. ‘चेंबर’ म्हणजे खोली. मोठ्या सभागृहासाठी नव्हे तर दिवाणखान्यासाठी रचलेले, तीन-चार-पाच वादकांचे हे संगीत. दर गुरुवारी मंडळी जमत. पियानोवर काउफमान असत, चेलोवर एडिजिओ वेर्गा हे इटालियन वादक, आणि व्हायोलिनवर मुंबईचे पारशी तरुण मेहली मेहता. जगप्रसिद्ध वाद्यवृंद संचालक झुबिन मेहता हे त्यांचे चिरंजीव. मेहलींनी १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता.

८ जून १९३६ रोजी देशाच्या नभोवाणीला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. काउफमान पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले आणि १९४६ मध्ये देश सोडेपर्यंत तेथेच होते. त्याच दशकातली ही धून. ती शिवरंजनीच्या छायेची मानतात. त्यातले व्हायोलिन मेहली मेहतांचे, असे सांगितले जाते.

‘मानतात’, ‘सांगितले जाते’, ‘श्रेय दिले जाते’ हे शब्द मुद्दाम वापरले आहेत. श्रेय देताना अभ्यासकांना काउफमान यांच्या इतर रचनांशी असलेले साम्य, त्या काळी मुंबईत असलेले वादक आणि पुढच्या लोकांच्या आठवणी यांवर अवलंबून राहावे लागते. धुनेचे श्रेय इतरांना देणारेही लिखाण झाले आहे. नव्वद वर्षांच्या आतली गोष्ट आणि कोट्यवधी साक्षीदार. तरी कर्त्याचे नाव सिद्ध करायला एवढे सायास पडतात.

काउफमान यांच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुंबईत भारतीय संगीताच्या तबकड्या त्यांनी प्रथम ऐकल्या तेव्हा त्यांना ते संगीत परके वाटले, काही कळेना. पण इतकी माणसे जे इतक्या प्रेमाने करतात त्यात अर्थ नसेल कसा, उणीव आपल्याच कानात असणार, असा विचार करून ते अभ्यासाला बसले. पुढे अमेरिकेत प्राध्यापक असताना त्यांनी उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थानातील रागांवर दोन जाडजूड ग्रंथ लिहिले. ऐकण्याची ही रीत आपल्याला पुढे उपयोगी पडणार आहे.

नाव सांगणारी तबकडी

ध्वनिमुद्रणात नाव नसते ही अडचण पहिल्या ध्वनिमुद्रकांनाच आली होती. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यास आले आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांवर गाणे संपता संपता गायिका इंग्रजीत आपले नाव ठणकावून सांगते. यात केवळ हौस नव्हती. मूळ मुद्रण जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जाई, तेथे तबकड्या छापल्या जात. तिथल्या कामगारांना हिंदुस्थानी भाषा येत नसे. कोणत्या तबकडीवर कोणाच्या नावाची चिठ्ठी डकवायची हे त्यांना कळावे म्हणून ही घोषणा.

तेव्हा ध्वनिमुद्रणात वीज नव्हती. गायकाने मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे, आवाजाने पडदा थरथरायचा, पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. सगळी ताकद आवाजाचीच. या पद्धतीत खणखणीत आवाजाची माणसे आणि पितळी वाद्ये बरी मुद्रित होत. पण तंतुवाद्यांचे हाल होत. व्हायोलिनचा आवाज नाजूक असतो आणि त्याचा गोडवा मूळ सुरावर चढलेल्या उपस्वरांत असतो. व्हायोलिनच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे १९६ हर्ट्झचा. पण त्याचे उपस्वर काही हजार हर्ट्झपर्यंत जातात. कर्ण्याला सुमारे अडीच हजारांच्या वरचे फारसे पकडता येत नसे. म्हणून श्ट्रो नावाच्या गृहस्थांनी लाकडी पेटीऐवजी पडदा आणि धातूचा कर्णा बसवलेले व्हायोलिनच तयार केले. आवाज मोठा आला, पण त्यातला लाकडाचा गुण गेला.

१९२५ च्या सुमारास मायक्रोफोन आला आणि चित्र पालटले. आवाजाचे रूपांतर विजेच्या प्रवाहात करायचे, प्रवाह वाढवायचा आणि मग कोरायचे. चार तंतुवादक एका खोलीत एकमेकांसमोर, नेहमीच्या ताकदीने वाजवू लागले आणि ते मुद्रित होऊ लागले. काउफमान आणि मेहता यांची पिढी ही मायक्रोफोनची पिढी. रशियात याच वेळी दोघांच्याही वयाचा एक तरुण संगीत लिहीत होता.

प्रावदातला अग्रलेख

दिमित्री शोस्ताकोविच यांचा जन्म १९०६ चा, म्हणजे काउफमान यांच्याहून ते एका वर्षाने मोठे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी पहिली सिंफनी लिहिली आणि कीर्ती मिळवली. पुढे त्यांचा ‘लेडी मॅकबेथ’ हा ऑपेरा दोन वर्षे गाजत राहिला. २८ जानेवारी १९३६ रोजी ‘प्रावदा’ या पक्षाच्या मुखपत्रात त्यावर एक अग्रलेख आला. संगीत नव्हे, नुसता गोंधळ, असा त्याचा सूर होता. आणि हा खेळ वाईट रीतीने संपू शकतो अशी त्यात धमकी होती. त्याखाली कोणाची सही नव्हती. स्टालिनच्या राज्यात अशा निनावी अग्रलेखाचा अर्थ सर्वांना कळत असे. थोड्याच काळात शोस्ताकोविच यांचे काही आप्त आणि स्नेही पकडले गेले. ते स्वतः वाचले.

शोस्ताकोविच यांनी आयुष्यभरात पंधरा सिंफनी लिहिल्या आणि पंधरा स्ट्रिंग क्वार्टेट. सिंफनी म्हणजे शे-सव्वाशे वादक, मोठे सभागृह, पहिल्या रांगेत अधिकारी आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात निकाल. स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिने, एक व्हिओला आणि एक चेलो. चार माणसे आणि चार खुर्च्या. पहिला क्वार्टेट त्यांनी लिहिला १९३८ मध्ये, म्हणजे त्या अग्रलेखानंतर. जे मोठ्याने बोलता येत नाही ते खोलीत बसून हळू बोलता येते, हे या रचना ऐकताना पुष्कळांना जाणवते.

पण खोलीही नेहमी सुरक्षित नसते. १९४८ च्या फेब्रुवारीत पक्षाच्या मध्यवर्ती समितीने पुन्हा ठराव केला. शोस्ताकोविच यांची मॉस्को आणि लेनिनग्राड येथील अध्यापकाची कामे गेली. १९४९ मध्ये लिहिलेला चौथा क्वार्टेट त्यांनी जाहीरपणे वाजवू दिला नाही. तो बाजूला ठेवला. ५ मार्च १९५३ ला स्टालिन वारला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात चौथा क्वार्टेट लोकांनी ऐकला.

पेटीवर चार पट्ट्या

१९६० च्या जुलैत शोस्ताकोविच पूर्व जर्मनीत ड्रेस्डेनजवळच्या गोरिश या गावी होते. ड्रेस्डेन शहर १९४५ च्या फेब्रुवारीत बॉम्बवर्षावात जळून गेले होते. त्यावरच्या एका चित्रपटाला संगीत द्यायचे होते. चित्रपटाचे काम बाजूला राहिले आणि १२ ते १४ जुलै या तीन दिवसांत त्यांनी आठवा क्वार्टेट लिहून काढला.

हा क्वार्टेट चार सुरांनी सुरू होतो. शाळेची पेटी उघडा आणि हे सूर वाजवून पाहा. आधी पांढरी दोन, मग काळी दोन, मग पांढरी एक, आणि शेवटी खालच्या सप्तकातली पांढरी सात. पांढरी एकला सा मानला तर हे सूर झाले रे, कोमल ग, सा आणि मंद्र सप्तकातला नी. हळू वाजवा. काहीतरी अडखळल्यासारखे, खाली मान घातल्यासारखे वाटेल.

जर्मन पद्धतीत या सुरांना अक्षरांची नावे आहेत. रे म्हणजे ‘डी’, कोमल ग म्हणजे ‘एस’, सा म्हणजे ‘सी’ आणि नी म्हणजे ‘एच’. जर्मन लिपीत शोस्ताकोविच हे नाव लिहिताना ‘श’ साठी एस, सी, एच ही तीन अक्षरे लागतात. दिमित्रीचा ‘डी’ त्यांच्या आधी. म्हणजे हे चार सूर ही त्यांची सही आहे. क्वार्टेटच्या आरंभी आधी चेलो ही चाल घेऊन येतो, मग व्हिओला, मग दुसरे व्हायोलिन, मग पहिले. पुढे वीस मिनिटांत ही सही पुन्हा पुन्हा उमटते. मधून मधून त्यांच्याच जुन्या रचनांचे तुकडे येतात: पहिली सिंफनी, एक पियानो ट्रायो, आणि ‘प्रावदा’ने ज्याच्यावर झोड उठवली होती तो ऑपेराही.

गंमत म्हणून एक गोष्ट ध्यानात घ्या. या चार सुरांतले तीन शिवरंजनीत आहेत. शुद्ध नी मात्र तिथे नाही. हा केवळ योगायोग आहे, पण आकाशवाणीची धून कानात बसलेल्या माणसाला हे सूर फार परके का वाटत नाहीत, याचा थोडा उलगडा त्यातून होईल.

आता तंत्राचा भाग. जुन्या ७८ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे चार-साडेचार मिनिटे मावत. आठव्या क्वार्टेटचे पाच भाग आहेत आणि ते मध्ये न थांबता एकात एक वाजवायचे असतात. जुन्या तबकडीवर हा क्वार्टेट चार-पाच वेळा तोडावा लागला असता. १९४८ मध्ये ३३ १/३ फेऱ्यांची लाँग प्लेइंग तबकडी आली. तिच्या एका बाजूवर वीस-बावीस मिनिटे सहज मावत. त्याच सुमारास चुंबकीय फीतही रूढ झाली. श्वास न तोडता अखंड ऐकण्याची रचना आता घरात ऐकता येऊ लागली. बोरोदिन क्वार्टेट या चौकडीने १९६२ मध्ये एका इंग्रज कंपनीसाठी आठवा क्वार्टेट मुद्रित केला, आणि ती तबकडी रशियाबाहेरच्या पुष्कळ घरांत पोचली. याच चौकडीने संगीतकाराच्या घरी हा क्वार्टेट वाजवून दाखवला तेव्हा त्यांनी ओंजळीत तोंड लपवले, असे सांगतात. या चौकडीचे पहिले व्हिओलावादक रुदॉल्फ बर्शाई यांनी पुढे तंतुवाद्यांचा एक छोटा वृंद काढला आणि हाच क्वार्टेट वृंदासाठी बसवला. आज अनेक छोटे वृंद तो त्या रूपात मुद्रित करतात.

दोन कागद, एक आवाज

छापील प्रतीवर आठव्या क्वार्टेटची अर्पणपत्रिका आहे: फॅसिझम आणि युद्ध यांच्या बळींच्या स्मृतीस. ड्रेस्डेनजवळ लिहिलेल्या रचनेला ती शोभतेही. चौथ्या भागात एक सूर लांबत राहतो आणि त्यावर तीन जोरदार ठोके पडतात. अर्पणपत्रिका वाचून ऐकणाऱ्याला ते बॉम्बचे आवाज वाटतात.

पण १९ जुलै १९६० रोजी, म्हणजे रचना संपल्यावर पाचच दिवसांनी, शोस्ताकोविच यांनी इसाक ग्लिकमन या मित्राला पत्र लिहिले. आपण मेल्यावर आपल्या स्मरणार्थ कोणी काही रचील असे वाटत नाही, म्हणून ते आपणच रचायचे ठरवले, अशा आशयाचे ते पत्र आहे. त्याच सुमारास त्यांच्यावर पक्षाचे सभासद होण्याचा दबाव आला होता आणि त्यांनी तो मान्य केला होता. त्यांची ही पत्रे ग्लिकमन यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा सोव्हिएत संघ उरला नव्हता. पत्र वाचून ऐकणाऱ्याला तेच तीन ठोके रात्री दारावर पडणाऱ्या गुप्त पोलिसांच्या थापेसारखे वाटतात.

आवाज तोच, कागद बदलला की अर्थ बदलतो. विद्यार्थी येथे विचारतील, ‘मग खरे काय?’ घाईने एक कागद खरा आणि दुसरा खोटा असे ठरवू नये. युद्धात मेलेल्या लाखोंचे दुःख आणि एका माणसाची स्वतःबद्दलची शरम व भीती एकाच रचनेत राहू शकतात. इतिहासकाराचे काम दोन्ही कागद आवाजाशेजारी ठेवण्याचे. निर्विवाद आहे ती फक्त सही. कारण ती आवाजातच आहे.

या आवाजामागची माणसेही पाहिली पाहिजेत. दुसऱ्यापासून चौदाव्यापर्यंतचे तेरा क्वार्टेट पहिल्यांदा वाजवले ते मॉस्कोच्या बीथोवन क्वार्टेटने. त्सिगानोव, वसिली शिरिन्स्की, बोरिसोव्स्की आणि सेर्गेई शिरिन्स्की हे चौघे १९२० च्या दशकाच्या आरंभापासून चाळीस वर्षे एकत्र वाजवत होते. बंदीच्या आणि संशयाच्या काळातही या चौघांनी साथ सोडली नाही. त्यांनी यातल्या अनेक रचना मुद्रितही केल्या. १९६५ मध्ये वसिली शिरिन्स्की वारले. तेव्हा शोस्ताकोविच यांनी अकरावा क्वार्टेट त्यांच्या स्मृतीस वाहिला. बारावा, तेरावा आणि चौदावा उरलेल्या तिघांना. १९७४ च्या ऑक्टोबरात पंधराव्या क्वार्टेटची तालीम चालू असतानाच सेर्गेई शिरिन्स्की गेले, आणि तो पहिल्यांदा वाजवण्याचे काम लेनिनग्राडच्या दुसऱ्या चौकडीकडे गेले. पुढच्याच वर्षी शोस्ताकोविचही गेले. ज्याला आपले नाव पुसले जाण्याची भीती होती, त्याने आपल्या वादकांची नावे एकेक करून रचनांच्या माथ्यावर लिहून ठेवली होती.

परत नातेपुत्याला

काउफमान यांच्या वाट्याला असे लिहून ठेवणारे कोणी आले नाही. १९८४ मध्ये ते अमेरिकेत वारले. त्यांच्या रचना हस्तलिखितांत पडून होत्या. २०२० मध्ये टोरोंटोच्या एआरसी एन्सेम्बल या छोट्या वादकवृंदाने त्यांतल्या काही रचनांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध केले. देशोधडीला लागलेल्या संगीतकारांच्या विस्मृत रचना शोधून वाजवणे हे या वृंदाने हाती घेतलेले काम आहे. मेहली मेहता १९५० च्या दशकात देशाबाहेर गेले आणि अमेरिकेत तरुणांचा वाद्यवृंद घडवून २००२ साली वारले. त्यांचे व्हायोलिन मात्र, ते त्यांचेच असेल तर, आपल्या पहाटांमध्ये वाजत राहिले.

याचा आपल्या शाळांशी संबंध काय? दर वर्षी आषाढीच्या आधी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीहून सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्यात मुक्काम करते. दिंड्यांमागून दिंड्या येतात. प्रत्येक दिंडीत गळ्यात वीणा घेतलेला वीणेकरी असतो. हेही तंतुवाद्यच. आज पाचवीतल्या मुलाच्या हातातल्या मोबाइलमध्येही जो मायक्रोफोन आहे, तो १९३६ च्या स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाला स्वप्नवत वाटला असता. मुक्कामाच्या रात्री भजनांची कितीतरी मुद्रणे होतात. वर्षभराने ती मुद्रणे ऐका. आवाज स्वच्छ आहे. कोण गात होते? कोणती दिंडी, कोणत्या गावची? कोणालाही सांगता येत नाही. आकाशवाणीच्या धुनेचे जे झाले तेच इथे रोज होत आहे.

यावरचा उपाय गौहर जान यांच्या काळापासून ठाऊक आहे. इतिहासाच्या तासाला एक उपक्रम घ्यावा. विद्यार्थ्यांनी गावातल्या एखाद्या वृद्धेच्या जात्यावरच्या ओव्या, गोंधळ्याचे तुणतुणे किंवा वीणेकऱ्याचा अभंग, त्या व्यक्तीची परवानगी घेऊन, मुद्रित करावा. मुद्रण सुरू करताच आधी स्वतः बोलावे: आजची तारीख, ठिकाण, गाणाऱ्याचे नाव आणि गाव, हे गाणे त्यांना कोणाकडून मिळाले, आणि मुद्रण करणाऱ्याचे नाव. दिंडी असेल तर तिचा क्रमांक आणि ती रथाच्या पुढची की मागची हेही सांगावे. तीच माहिती वहीतही लिहावी, आणि वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. एवढ्याला अर्धे मिनिट लागते.

शोस्ताकोविच यांना चार सुरांत सही करता आली, कारण त्यांच्या नावाला सुरांची अक्षरे होती. आपल्या वीणेकऱ्याच्या नावाला तशी सोय नाही. ते कोणीतरी मोठ्याने उच्चारावे लागेल.